डोंगराच्या पायथ्याशी

जनरल मनोज नरवणे यांचं ते बोलणं अजून डोक्यातून जात नाही. मे 2025 मध्ये पुण्यातल्या एका कार्यक्रमात ते म्हणाले की युद्धात रम्य काही नसतं, तो हिंदी सिनेमा नव्हे. आदेश मिळाला तर आपण लढायला जाऊ, पण पहिली पसंती वाटाघाटींनाच देऊ. रात्री-अपरात्री तोफगोळ्यांच्या भीतीनं आसऱ्याला धावणाऱ्या सीमेवरच्या मुलांबद्दलही ते बोलले. एखाद्या विचारवंतानं हेच म्हटलं असतं, तर मान डोलावून मी कामाला लागले असते. 31 डिसेंबर 2019 ते 30 एप्रिल 2022 या काळात ज्यांच्या खांद्यावर देशाचं लष्कर होतं, त्या माणसानं ते म्हटलं, म्हणून अडकले.

खरं तर यात नवीन काही नाही. दुरून डोंगर साजरे आणि युद्धस्य कथा रम्या, हे आपण शाळेत असल्यापासून एका दमात म्हणत आलो. पण डोंगर जवळून कसा दिसतो, ते ही म्हण सांगत नाही. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या नागोठण्याहून पूर्वेला पाहिलं की सह्याद्रीच्या रांगा दिसतात, पावसाळ्यात तर नजर ठरत नाही. त्याच डोंगरातून कातकरी बाया मोळी घेऊन उतरतात. डोक्यावर चुंबळ, पायात झिजलेली चप्पल, पोटऱ्यांवर करवंदीच्या काट्यांचे ओरखडे. त्यांना डोंगर साजरा दिसत असेल का? बहुतेक नसावा. पण त्यांच्यातल्या एकीला ‘इतकं लांब कशाला जाता?’ असं विचारलं, तेव्हा ती चटकन म्हणाली, ‘डोंगर आमचाच हाय ना.’ म्हणजे जवळ गेल्यावर साजरेपण गेलं, तरी काहीतरी उरतंच. त्याला काय म्हणायचं, ते म्हणीत नाही.

आमच्या आळीत एक निवृत्त सुभेदार होते. आम्ही सगळी मुलं त्यांना फौजीकाका म्हणायचो. ‘काका, लढाईचं सांगा ना,’ म्हणून त्यांच्या ओटीवर जाऊन बसायचो. ते सांगायचे ते बुखारीचं, म्हणजे ऊब देणाऱ्या शेगडीचं. पोस्टवर रात्रभर ती पेटती ठेवायची, धुरानं नाकपुड्या काळ्या व्हायच्या. ओले मोजे अंगाखाली घेऊन झोपायचं, म्हणजे सकाळपर्यंत सुकतात. लंगरचा चहा वर येईस्तोवर गार व्हायचा. वाट चुकलेलं एक खेचर दोन दिवसांनी आपणहून परत आलं, ते सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. गोळीबाराशी आलं की म्हणायचे, ‘मग झालं ते झालं.’ आम्ही हिरमुसून उठायचो. आता वाटतं, त्यांच्याकडे युद्धाची कथा नव्हतीच. पलटणीची होती आणि ती ते मनापासून सांगत होते. त्या बाईच्या ‘आमचाच हाय’सारखंच ते होतं का?

आणि तरी रम्य कथा मला टाकवत नाहीत. आमच्या अंबा नदीचीच गोष्ट घ्या. नागोठण्यापासून नदीच्या अंगानं वर पाली, जांभूळपाडा करत गेलं की चावणीजवळ उंबरखिंड लागते. फेब्रुवारी 1661. शाहिस्तेखानानं पुण्याहून कोकणात धाडलेला कारतलबखान घाट उतरून त्या अरुंद, दाट रानात शिरला आणि शिवाजी महाराजांच्या फौजेनं त्याची पुढची-मागची वाट बंद केली. मूठभरांनी मोठी फौज कोंडली. हे ऐकून अंगावर काटा येत नाही, असा माणूस आमच्या भागात सापडायचा नाही. माझ्याही येतो.

पण अलीकडे त्या गोष्टीचा शेवट मला जास्त दिसू लागलाय. सोबत असलेल्या रायबागन या सरदार स्त्रीनं खानाला शरण जायला सांगितलं. त्यानं अभय मागितलं, महाराजांनी ते दिलं. मालमत्ता ठेवून घेतली आणि माणसांना जाऊ दिलं. सगळी फौज कापून काढणं हाताशी असताना लढाई तिथे थांबवली. शत्रूला परत फिरवायचं होतं, तो फिरला, काम झालं. लष्कर कशासाठी असतं, याचं उत्तर याच नदीच्या काठी साडेतीनशे वर्षांपूर्वी देऊन झालंय, असं मनात येतं. मग लगेच दुसरं मन म्हणतं, आधी खिंडीत कोंडण्याची ताकद होती, म्हणून सोडून देता आलं. दुबळ्याच्या अभयाला कोण विचारतो?

इथे मला लेफ्टनंट जनरल शं. पां. पा. थोरात आठवतात. कोल्हापूरकडचा हा सेनानी. कोरियातलं युद्ध थांबल्यावर युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारतानं पाठवलेल्या फौजेचं नेतृत्व त्यांनी केलं. लढणं संपल्यावरचं ते अवघड, बिनटाळ्यांचं काम. पुढे पूर्व विभागाचे प्रमुख असताना 1959 मध्ये त्यांनी सरकारला लेखी कळवलं की चीननं नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलात, मुसंडी मारली, तर हाताशी असलेल्या बळावर ती थोपवता येणार नाही. मार्च 1960 मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा सरावच मांडून त्यांनी ते दाखवून दिलं. नरवणे सांगतात, युद्धाची हौस धरू नका. थोरात सांगत होते, युद्ध येईल आणि आपण तयार नाही. वरवर पाहता दोन टोकं. पण दोघांनीही लोकांना जे ऐकायला नको होतं तेच सांगितलं आणि दोघांनीही हिशेब मांडला तो जिवांचाच. दोन्ही एकाच वेळी खरं कसं धरायचं, हे मात्र मला अजून जमत नाही. तयारी वाढली की हौसही वाढते का? हौस गेली तर तयारीसाठी पैसा आणि पोरं कोण देईल? आमच्याच जिल्ह्यात महाडजवळ फौजी आंबवडे आहे, पिढ्यानपिढ्या घराघरातून माणसं सैन्यात धाडणारं गाव. तिथल्या पोरांना ओले मोजे नि बुखारी ऐकवून भरतीला पाठवता आलं असतं? लहानपणी ऐकलेल्या शौर्यकथाही त्यांना तिकडे घेऊन गेल्याच असतील. मग त्या कथा खोट्या म्हणायच्या का? मला तसं म्हणवत नाही.

उत्तर नाही, विनंती तेवढी आहे. सेनापती आपल्याला नकोसं बोलतो, मग ते ‘घाई नको’ असो की ‘तयारी नाही’, तेव्हा त्याच्या देशप्रेमावर शंका घेण्याआधी त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्या. थोरातांचं ऐकलं गेलं नाही. ते 1961 मध्ये निवृत्त झाले आणि 20 ऑक्टोबर 1962 रोजी चीननं हल्ला केला.