माहुलचा सिंधुदुर्ग

दिवाळीच्या सुट्टीत किल्ला करायचं तुमचं वय गेलं? माझं नाही! सबमिशन्स गेली खड्ड्यात. आमच्या माहुल गावात खाडीचा चिखल फुकट, म्हणून किल्लाही पाण्यातला : १६६४ साली महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर पाया घातला, तो सिंधुदुर्ग. वर अळीव पेरायचं. रिफायनरीची ज्योत म्हणजे गडावरची मशाल (वासाचं काय करायचं, ते अजून सुचलेलं नाही).

आजोबा सांगायचे, रात्री मावळे पहारा बदलतात. आणि सकाळी खरंच, मावळे दुसऱ्याच बुरुजावर!

गेल्या वर्षी आजोबा गेले. पुतण्या आता चार वर्षांचा. यंदा सगळे झोपल्यावर मी हळूच उठलो, तर आजी आधीच अंधारात किल्ल्यापाशी बसलेली. म्हणाली, "दरवाजावरचा तू हलव, बाला. मला वाकवत नाही."