शाईवर चाललेलं घर

शातोरूहून ला शात्रकडे जाणारा रस्ता शेतांमधून आणि दाट झाडांच्या कुंपणांमधून जातो. फ्रान्सच्या जवळजवळ पोटातला हा मुलूख, बेरी. या भागाला लेखिका जॉर्ज सँडनं ‘काळं खोरं’ असं नाव दिलं होतं. लांबून पाहिलं की झाडी खरंच काळसर दिसते. वाटेत नोआँ हे चिमुकलं गाव लागतं. तिथे एक बुटकं जुनं चर्च आहे, चार घरं आहेत आणि एका फाटकाआड तिचं घर आहे.

फ्रेंच शातो म्हटलं की मनोरे, खंदक, आरशांची दालनं डोळ्यांसमोर येतात. इथे त्यातलं काही नाही. अठराव्या शतकातलं साधं, सरळ रेषांचं, खाऊनपिऊन सुखी माणसांचं वाटावं असं घर आहे. मागे बाग, भाजीचे वाफे, फळझाडं आणि त्यापलीकडे राई. कुणाला दिपवण्यासाठी यातलं काहीच केलेलं नाही, आणि म्हणूनच इथून पाय लवकर निघत नाही.

सँडच्या आजीनं हे घर 1793 साली विकत घेतलं, ऐन राज्यक्रांतीच्या धामधुमीत. त्याच वर्षी तिला पॅरिसमध्ये कैदही झाली. तिची नात ऑरोर द्युपँ, म्हणजे पुढची जॉर्ज सँड, चार वर्षांची असताना 1808 मध्ये इथे आली आणि आल्याआल्या घरावर आकाश कोसळलं. तिचा तान्हा भाऊ गेला. बाळ खरंच गेलंय, हे आईचं मन मानेना. तेव्हा वडिलांनी रात्री पुरलेली पेटी उकरून घरी आणली आणि बाळाला बागेत एका नासपतीच्या झाडाखाली पुन्हा ठेवलं. वर फुलझाडं लावली. थोड्याच दिवसांत वडीलही घोड्यावरून पडून गेले. हे सगळं तिनं आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. ते वाचून इथे आलं की बागेतलं प्रत्येक जुनं झाड निराळं दिसायला लागतं. आपण हलक्या पावलांनी चालतो.

आजी 1821 मध्ये गेली आणि सतरा वर्षांची ऑरोर मालकीण झाली. पण ती नावापुरतीच. पुढच्याच वर्षी लग्न झालं आणि त्या काळच्या कायद्यानं बायकोच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती गेला. घर तिचं, हुकूम त्याचा. फ्रान्समध्ये 1816 ते 1884 घटस्फोटाची सोयच नव्हती. मिळत होता तो फक्त विभक्त राहण्याचा हक्क. त्यासाठी ती कोर्टात लढली आणि 1836 मध्ये नोआँ परत मिळवलं. वारशानं आलेलं घर बाईनं पुन्हा भांडून मिळवायचं, हे मराठी वाचणाऱ्या कुठल्याही बाईला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

त्या लढाईच्या आधीची एक लहानशी खोली इथे आहे, आजीची जुनी खाजगी बैठक. शेजारच्या मोठ्या खोलीत मुलं झोपत आणि ऑरोर इथे टांगलेल्या झोळीत निजे. भिंतीतल्या कपाटाची फळी उघडली की तिचं मेज होई. तिथे ती रात्री बसे, सोबतीला एक रातकिडा. तो कागदावरून हिंडे आणि पाकिटं चिकटवायच्या पांढऱ्या टिकल्या कुरतडून खाई. एके दिवशी मोलकरणीनं खिडकी लावताना तो चिरडला गेला. त्याचं दुःख तिनं किती मायेनं लिहिलंय! माणसं येतात ती संगीतकार शोपँसाठी, पण माझ्या मते या घराचं काळीज त्या कपाटाच्या फळीपाशी आहे.

शोपँ 1839 मध्ये पहिल्यांदा इथे आला. मग 1841 ते 1846 दर उन्हाळ्यात. असे सात उन्हाळे. त्याच्या पियानोसाठीच्या उत्तम रचनांपैकी कितीतरी इथेच तयार झाल्या. बी मायनरमधला सोनाटा 1844 चा. चित्रकार देलाक्रुआनं 1842 च्या जूनमध्ये इथून लिहिलेल्या पत्रात बागेकडे उघडणाऱ्या खिडकीतून येणाऱ्या शोपँच्या सुरांचं वर्णन केलं आहे. त्या सुरांत बुलबुलांचं गाणं आणि गुलाबांचा वास मिसळलेला असे. पुढे 1847 मध्ये सँडचं आणि त्याचं बिनसलं. त्याची खोली तिनं मोडून नव्यानं बांधून घेतली. आज तिथे त्याचा पियानो नाही, पलंग नाही. आवाज आतबाहेर जाऊ नये म्हणून गादी ठोकलेलं दार तेवढं राहिलं आहे. सुतारानं खोली बदलली आणि शांतता राखणारं दार मात्र तसंच ठेवलं. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी होते.

हे सगळं चालायचं कशावर? पाहुणे महिनोन्महिने राहत. मुलगा मोरिस लाकडात बाहुल्यांची डोकी कोरी, ती त्यांचे कपडे शिवे आणि घरातल्याच रंगमंचावर खेळ होत. कादंबरीकार फ्लोबेर आला, तुर्गेन्येव आला, गायिका पोलीन व्यार्दो आली. जेवणघरातलं टेबल आजही मांडलेलं आहे. मुरब्बे ती स्वतः करी. आणि घर निजलं की लिहायला बसे, ते थेट पहाटेपर्यंत. ‘ला मार ओ द्याब्ल’, ‘ला पतीत फादेत’ या बेरीच्या खेड्यांच्या कादंबऱ्या अशाच रात्रींच्या. संपादकांकडून येणाऱ्या पैशावर सरपण, माळी, स्वैपाकीण, पाहुण्यांची ताटं असं सारं निघे. वाफ्यातल्या भाजीलासुद्धा तिच्या शाईचं पाणी होतं.

घराजवळ सीडरची दोन झाडं आहेत, आपल्या हिमालयातल्या देवदाराच्या कुळातली. मोरिस आणि सोलांज या दोन मुलांच्या जन्माच्या आठवणीसाठी ती लावली, असं सांगतात. मुलगा 1823 चा, मुलगी 1828 ची. लेकीशी तिचं पुढे फारसं पटलं नाही. झाडं मात्र एकाच बागेत वाढली.

ती इथेच, निळ्या खोलीत, 8 जून 1876 रोजी गेली. शेवटी शेवटी तिच्या तोंडून हिरवळीबद्दल काहीतरी अस्पष्ट शब्द निघाले, आणि त्यांचा अर्थ लावत लोक आजही बोलतात. अंत्ययात्रेला पाऊस होता. पॅरिसहून फ्लोबेर आला आणि रडला. व्हिक्टर ह्यूगोनं पाठवलेलं भाषण वाचलं गेलं. आजूबाजूच्या शेतकरी बायका चिखलात गुडघे टेकून बसल्या होत्या.

सँडच्या नातीनं, तिचंही नाव ऑरोरच, 1952 मध्ये घर सरकारला दिलं. 2004 च्या द्विजन्मशताब्दीच्या सुमारास सँडला पॅरिसच्या पाँथेआँमध्ये, राष्ट्राच्या थोर माणसांच्या शेजारी हलवावं अशी मागणी निघाली. नोआँच्या लोकांनी विरोध केला. ती हलली नाही. चर्चच्या बाजूला, बागेला लागून असलेल्या छोट्या घरगुती दफनभूमीत, आजीजवळ, ती अजून तिथेच आहे.