संप कोणाच्या विरोधात?
(रोजनिशीतील पाने)

29 जून 2025, रविवार. मालवण

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठक. पत्र्यावर पाऊस असा की बोलणाऱ्याचं तोंड हललेलं दिसायचं, ऐकू निम्मंच यायचं. विषय 9 जुलैचा देशव्यापी संप. खरा तो 20 मेला व्हायचा होता. पहलगामच्या हल्ल्यानंतरच्या तणावात केंद्रीय संघटनांनी पुढे ढकलला. दहा केंद्रीय संघटना त्यात आहेत, भारतीय मजदूर संघ नाही. चार श्रमसंहिता रद्द करा, किमान वेतन महिना 26,000 करा, कंत्राटी पद्धत थांबवा, जुनी पेन्शन द्या. मी मागण्या वाचून दाखवल्या. बँकेतून निवृत्त झालो तेव्हापासून वाचून दाखवणं आणि इतिवृत्त लिहिणं माझ्याकडेच आहे.

अंगणवाडीच्या बाया होत्या, आशा सेविका होत्या, एसटीतले दोन निवृत्त वाहक, आम्ही बँकवाले आणि दाराशी पायरीवर रापण ओढणारे चौघे मच्छीमार. हीच आमची कामगार चळवळ. कुडाळची एमआयडीसी सोडली तर भोंग्यावर सुटणारी माणसं या जिल्ह्यात आहेतच किती?

वाचन संपल्यावर पायरीवरचा म्हातारा म्हणाला, "होड्यो वर काढलेल्यो आसत. आमी संप करूचो तो कोणाच्या विरोधात? दर्याच्या?"

सगळे हसले. त्याला हसायचं नव्हतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बंदी यांत्रिक नौकांना आहे, वल्ह्याच्या होडीला कायद्याने नाही. पण या दिवसांत वल्ह्याची होडी लाटेपुढे घालणार कोण? ज्यांचं काम दोन महिने बंदच आहे त्यांनी नऊ तारखेला काय बंद ठेवायचं, हे मलाही सांगता आलं नाही. इतिवृत्तात "चर्चा झाली" असं लिहिलं.

2 जुलै, बुधवार

तारकर्ली-देवबागकडे पत्रकं वाटायला. देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला दर्या आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. समुद्राने खाल्लेले कठडे, त्यापुढे दगड टाकलेले. होमस्टेंच्या पाट्या पावसात धुतल्या जाताहेत, स्कुबावाल्यांच्या बोटी प्लॅस्टिकखाली. या पोरांनाही पावसाळाभर काम नाही, पण ती आमच्या बैठकीला येत नाहीत. "आमी बिझनेसवाले" म्हणतात. दुसऱ्याच्या बोटीवर रोजाने जाणारा पाणबुड्याही तेच म्हणतो.

एका पडवीत डॉक्टर सामंतांचा फोटो. गिरणी संपाचे पुढारी दत्ता सामंत मूळचे इथले, देवबागचे. फोटोला हार ताजा नव्हता, पण काच पुसलेली होती. घरातले आजोबा लालबागला गिरणीत होते. मी वडिलांच्या गिरणीचं नाव सांगितलं, तर चहाबरोबर फणसाच्या तळलेल्या गऱ्यांची बशीही आली.

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा वडील साच्यावर होते आणि गावकीच्या खोलीत राहत होते. एका खोलीत तीस-चाळीस जण, पाळ्यांप्रमाणे झोपायचे, जेवण खाणावळीत. अडीच लाख माणसं बाहेर पडली. समोर मालक होते आणि सरकारही होतं; पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलण्याचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार ज्याच्या मागे होता त्या डॉक्टरला टेबलावर जागाच नाही. मला वाटतं, त्या संपाची सगळी गोष्ट याच एका कलमात आहे. पगारवाढ, बोनस ह्या मागण्या होत्याच. पण आपल्या वतीने कोण बोलणार हे आपण ठरवणार, ही मागणी सरकारला सगळ्यात झोंबली.

मार्च-एप्रिलपर्यंत वडिलांची ट्रंक घरी आली. गिरणगावात संप चालला म्हणतात. त्याला खायला कुठून आलं हे कमी जण सांगतात. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि आमची ही किनारपट्टी. माणसं गावी परत आली आणि गावांनी ती पोसली. वडील रापण ओढायला जाऊ लागले. होडी जाळं घेऊन अर्धगोल मारून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, दोन्हीकडे माणसांच्या रांगा. आलेल्या मासळीचे वाटे पडतात : जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्याचा वेगळा. वडिलांना पहिल्याच दिवशी ओढणाऱ्याचा पूर्ण वाटा मिळाला. हाताला साच्याची सवय, दोराने तळवे सोलले, आणि आई रात्री खोबरेल लावायची. कुठल्या संघटनेने ठराव केला नव्हता की संपकऱ्याला वाटा द्या. तांडेलाने दिला.

तो संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही. डॉक्टर 1984 मध्ये खासदार झाले, 16 जानेवारी 1997 ला पवईत त्यांना गोळ्या घातल्या. आजोबांनी एवढंच विचारलं, "घराचा काय झाला?" गिरणी कामगार म्हणून घरासाठी केलेला त्यांचा अर्ज पडून आहे. तो प्रश्न नऊ तारखेला मुंबईत निघणार आहे हे मी त्यांना सांगितलं.

4 जुलै, शुक्रवार

दिवसभर कागद. संघटनेचं काम म्हणजे घोषणा असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे एक दिवस झेरॉक्सच्या रांगेत उभं राहावं.

मत्स्यसंपदा योजनेत बचत-नि-मदत आहे. मच्छीमाराने 1,500 भरायचे, सरकार 3,000 घालणार, आणि बंदीच्या व मंदीच्या तीन महिन्यांत मिळून 4,500 हातात. महिन्याला दीड हजार. त्यासाठी सोसायटीचं सभासदत्व, दारिद्र्यरेषेचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक. एकाचं आधारवर नाव वडिलांचं आधी, पासबुकावर नंतर. मी बँकेत जन्म काढला, तरी हे कोडं मला सुटत नाही.

बाजारात मासे विकणारी एक काकी आली होती. नवऱ्याची नाव नाही, तो दुसऱ्याच्या पातीवर जातो. ती पहाटे लिलावात मासळी घेते, पाटी डोक्यावर घेऊन वाड्यांवर फिरते. आता सुका बांगडा आणि गोलमो विकते. तिचं म्हणणं : "पाटी माज्या डोक्यार आणि कागद घोवाच्या नावार." तिचं नाव मच्छीमार म्हणून कुठेच नाही. एप्रिलमध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा शेतकऱ्यासारखं मिळणार म्हणतात. चांगलंच आहे. पण सातबाऱ्यावर बाईचं नाव चढायला किती पिढ्या गेल्या ते आठवून मी गप्प राहिलो. तिचा अर्ज वेगळा लिहून घेतला.

6 जुलै, आषाढी

उपास. वरीचे तांदूळ. लाल झेंडेवाले एसटीतले सहकारी सकाळी विठ्ठलमंदिरात भजनाला पहिल्या रांगेत होते. दुपारी फलक रंगवले.

9 जुलै, बुधवार. ओरोस

सकाळच्या गाडीने सिंधुदुर्गनगरीला. एसटी सुरू होती. 2021 च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला तो लांबलचक संप थेट एप्रिल 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने मिटला, त्याचा चटका अजून गेलेला नाही. वाहकाने आमचे फलक बघून तिकीट फाडलं आणि म्हणाला, "तुमी करा, आमी मनान हाव."

जिल्हाधिकारी कचेरीसमोर छत्र्यांची गर्दी. सगळ्यात जास्त बाया. अंगणवाडी सेविकेला आता 13,000, मदतनिशीला 7,500. आणि मागणी 26,000 ची. पण बायांचा राग रकमेपेक्षा 'मानधन' या प्रकारावर आहे. पोषण आहार, लसीकरण, वजनं, नोंदी, मोबाइलवरचं ॲप, निवडणुकीची कामं, सगळं करून सरकार म्हणतं की तुम्ही कर्मचारी नाही, मानसेवी. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. न्यायालयाला जे दिसलं ते मंत्रालयाला दिसायचं आहे. एक सेविका माइकवर म्हणाली, आमचा मालक आम्हांला ओळखच दाखवत नाही. मला पायरीवरच्या म्हाताऱ्याचा प्रश्न आठवला. दर्या निदान खोटं बोलत नाही.

रापणीचे लोक आले होते. काम बंद ठेवायला नव्हतं म्हणून ते आलेच नसते तर मी काही म्हटलं नसतं. त्यांनी आपलं निवेदन वेगळं दिलं नाही, आमच्याच निवेदनात एक परिच्छेद घातला : परप्रांतीय हायस्पीड ट्रॉलर आणि एलईडी दिव्यांवरची मासेमारी. आणि अंगणवाडीच्या घोषणा त्यांनीही दिल्या, आशांनी ट्रॉलरच्या घोषणा दिल्या. आशांना ट्रॉलर म्हणजे काय ते चांगलं ठाऊक आहे, निम्म्या त्याच घरांतल्या.

निवेदन अधिकाऱ्याने उभ्याने घेतलं. बसा म्हणाला नाही. पोच मात्र शिक्का मारून दिली, ती फाइलला लावली.

संध्याकाळी फोन. आझाद मैदानात गिरणी कामगार आणि वारस आजच बसले होते. शेलू-वांगणीला घरं नकोत, मुंबईत द्या. आणि जो तिथलं घर नाकारेल त्याचा हक्क संपेल हे 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयातलं कलम काढा. दीड लाखांवर अर्ज. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर. कर्जतच्या लाइनीवर घर घेऊन ऐंशी वर्षांचा माणूस काय करणार? देवबागच्या आजोबांना उद्या कळवायचं.

10 जुलै, गुरुवार

विधानसभेत जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर. सरकारने एखादी संघटना बेकायदेशीर ठरवली की सभासद असणं, वर्गणी देणं, बैठकीला जागा देणं हेही गुन्ह्यात येऊ शकतं. ते म्हणतात नक्षलवाद्यांसाठी आहे, साध्या आंदोलकांनी भिऊ नये. वाचनालयाचे कार्यवाह मात्र दुपारी घरी येऊन विचारून गेले, की पुढची बैठक दुसरीकडे कुठे होईल का. भला माणूस आहे. कायदा राज्यपालांकडे जायच्या आधीच आमच्या खोलीपर्यंत पोचला.

12 जुलै, शनिवार

काल पॅरिसमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत आमचा सिंधुदुर्ग. शहरात फटाके, पेढे. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. बंदरजेट्टीवर गेलो तर किल्ल्याकडे नेणाऱ्या होड्या ओळीने वर काढलेल्या. पावसाळ्यात वाहतूक बंद. होडीवाले म्हणाले, गर्दी वाढेल. मग हळूच : मोठी बोट आली तर? ठेका निघाला तर? यांनाच आधी बैठकीला बोलवायला हवं.

20 जुलै, रविवार

बैठक एका अंगणवाडी सेविकेच्या पडवीत. पर्ससीन जाळ्यांविरुद्धच्या निवेदनाचा मसुदा. सोमवंशी समिती, 5 फेब्रुवारी 2016 चा आदेश, त्यात पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर चारच महिने. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने एलईडीच्या उजेडावरची मासेमारी बंद केली. 1981 चा राज्याचा कायदा 2021 मध्ये सुधारला, कारवाईचा अधिकार तहसीलदाराकडून मत्स्य अधिकाऱ्याकडे आला, दंड लाखांत गेला. यंदा जानेवारीपासून ड्रोनही आहेत. कागदावर सगळं भक्कम. तरी दिवाळीनंतरच्या काळोख्या रात्री मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर शहर वसल्यासारखे दिवे दिसतात.

मग मी म्हटलं, त्या ट्रॉलरवरचे खलाशीही कामगार आहेत. कुणी नेपाळचा, कुणी कर्नाटकचा, हंगामाच्या आधी उचल घेतलेला. वादळात बोट बुडाली तर घरी कळवायला पत्ता सापडत नाही. मासेमारी कामगारांसाठी 2007 चा आंतरराष्ट्रीय करार आहे, 188 क्रमांकाचा : लेखी करार, विश्रांतीचे तास, औषधपाणी. आशियात पहिल्यांदा थायलंडने 2019 मध्ये मान्य केला, भारताने नाही. आपल्या बंदरांत येणाऱ्या खलाशांची एक वही आपण करू या.

पडवी पेटली. रापणीचा तरणा मुलगा उभाच राहिला. "आमच्या तोंडातलो मासो तो वडून नेता आणि तुमी त्येची वही करतास?"

सेविका म्हणाली, "ओढून मालक नेता, रे. तो जाळा ओढता."

"जाळा तर त्येच्याच हातात आसा मा?"

दोघांचंही खरं. 1982 मध्ये वाटा देणाऱ्या तांडेलाचा हा नातू. मला त्याला ते ऐकवायचा मोह झाला, आवरला. त्याच्या आजोबाने गावच्या माणसाला वाटा दिला होता, जाळं फाडणाऱ्याला नव्हे.

निवेदन मंजूर झालं. वहीचा विषय पुढे ढकलला.

1 ऑगस्ट, शुक्रवार

बंदी उठली. दर्या उठलेला. एकदोघांनीच इंजिनं सुरू करून पाहिली, डिझेलच्या परताव्याची थकबाकी मोजत बाकीचे जाळी विणत बसले. खरी सुरुवात नारळी पुनवेलाच, 8 तारखेला.

मासेवाल्या काकीचा अर्ज परत आला. कारण : अर्जदार नौकाधारक अथवा खलाशी असल्याचा पुरावा नाही. तिला वाचून दाखवला. "मगे मी कोण, ता तरी लिवून दी म्हणा तेंका," म्हणाली. तेच लिहिलं, जवळपास तिच्याच शब्दांत, आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं.

पुढची बैठक 10 ऑगस्ट, रविवार, त्याच पडवीत. होडीवाल्यांना निरोप गेला आहे. विषयपत्रिकेवर पहिला विषय मासे विकणाऱ्या बायांची नोंद, दुसरा खलाशांची वही. रापणीच्या तरण्याने कळवलंय, दुसरा विषय असेल तर तो येणार नाही. विषय काढलेला नाही. उद्या त्याच्या घरी जाऊन येतो.