समुद्रकाठची रोजंदारी

शाळा संपली की वर्षभर जग फिरायचं आणि वाटेत मिळेल ते काम करून खर्च भागवायचा, असा बेत तुम्ही तुमच्या मोठ्या मित्रमैत्रिणींकडून ऐकला असेल. मी रत्नागिरीला मराठी शाळेत शिकत होतो, तेव्हा असं काही असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. परदेशी जायचं ते शिकायला, नाहीतर नोकरीला. काम आणि भटकंती एकत्र? छे!

म्हणून गेल्या वर्षी माझ्या आत्येभावाचा फोन आला तेव्हा मला फार गंमत वाटली. तो बोवेनमधून बोलत होता. बोवेन हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातलं समुद्रकाठचं छोटं गाव. तिथले आंबे प्रसिद्ध आहेत. गावाबाहेर रस्त्यालगत घराएवढा मोठा खोटा आंबासुद्धा उभा केलाय!

"दादा, कोकणात जन्मलो आणि आंबे काढायला ऑस्ट्रेलियात आलो," तो हसत म्हणाला.

हे जमलं कसं? 2024 पासून ऑस्ट्रेलिया भारतातल्या 18 ते 30 वर्षांच्या तरुणांना एक खास व्हिसा देते. तो घेऊन वर्षभर फिरायचं आणि फिरता फिरता कामही करायचं. दर वर्षी जागा फक्त 1,000. अर्ज खूप येतात, म्हणून सोडत काढतात, म्हणजे लॉटरीसारखी चिठ्ठी. माझ्या भावाचा नंबर लागला.

पहाटे बागेत जायचं, दुपारी समुद्रात डुंबायचं, रात्री हॉस्टेलमध्ये आठ जणांच्या खोलीत झोपायचं, असा त्याचा दिवस. आंब्याचा चीक अंगावर उडाला की पुरळ उठतं, म्हणून उकाड्यातही लांब बाह्यांचा शर्ट. बागेत काम नसलं की एका हॉटेलात भांडी घासायची.

अशा कामाला आपण रोजंदारी म्हणतो. ज्या दिवशी काम, त्या दिवशीचे पैसे. फक्त मोसमापुरतं असेल तर ते हंगामी काम. ऑस्ट्रेलियात त्याला 'कॅज्युअल' म्हणतात. त्यात भरपगारी रजा नसते, म्हणून तासाचा दर 25 टक्के जास्त असतो. हे त्याला आधीच माहीत होतं, त्यामुळे तो नीट हिशेब करून पैसे घेत होता.

आंब्याचा मोसम संपत आला तेव्हा तो म्हणाला, "दादा, आता तुझ्याकडे येतो. दोहालाही समुद्र आहेच. दोन महिने बोटीवर नाहीतर चहाच्या दुकानात काम करीन."

मी म्हटलं, "ये, राहा, पोटभर जेव. पण काम नाही करता येणार."

मी कतारमध्ये, दोहा शहरातल्या ओल्ड एअरपोर्ट भागात राहतो. 2014 साली प्रवासी विमानं नव्या हमाद विमानतळावर गेली, पण आमच्या भागाचं नाव 'जुना विमानतळ' तेच राहिलं. इथून गाडीने थोड्याच वेळात कॉर्निशला, म्हणजे समुद्रकाठच्या लांब रस्त्यावर पोचता येतं. तिथे लाकडी बोटी आहेत, कडक चहा आहे. पण पर्यटक म्हणून आलेल्याला इथे काम करता येत नाही. नोकरीसाठी आलेल्याचा परवाना त्याच्या मालकाशी जोडलेला असतो. 2020 पर्यंत तर नोकरी बदलायलाही जुन्या मालकाचं पत्र लागायचं. आता ते लागत नाही. 2021 पासून किमान पगारही ठरला आहे: महिन्याला 1,000 रियाल.

भाऊ आठ दिवस येऊन राहिला. आमच्या इमारतीखाली चहाचं दुकान आहे. तिथे चहा देणारा नेपाळी मुलगा अगदी त्याच्याच वयाचा. दोघांची लगेच गट्टी जमली. भावाने विचारलं, "कॉर्निशला जातोस की नाही रोज?" तो म्हणाला, "एखाद्या शुक्रवारी. बाकी वेळ नाही मिळत." दोन वर्षांनी एकदा तो घरी जातो. पगारातले बरेचसे पैसे आईला पाठवतो.

वर येताना भाऊ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, आपल्याकडे बागांमध्येही नेपाळी लोक येतात ना दर हंगामाला? तेही आंबेच काढतात. मी गंमत म्हणून काढले."

त्याची गंमत चुकीची नव्हती. त्याने कष्ट केले, जग पाहिलं. तुम्हीही जरूर जा. तुमचा पासपोर्ट ब्रिटिश, कॅनेडियन किंवा ऑस्ट्रेलियन असेल, तर तुम्हाला हे पुण्यातल्या तुमच्या मावसभावापेक्षा सोपं जाईल. जाण्याआधी मात्र विचारून घ्या: या व्हिसावर काम चालतं का? तासाला किती मिळणार? ते लेखी आहे का? आणि पासपोर्ट कुणाच्याही हाती ठेवायला देऊ नका. मालकाने तो स्वतःकडे ठेवून घेणं कतारच्या कायद्यातही चालत नाही.

आणि शेजारी काम करणाऱ्याशी बोला. तो कुठून आला, घरी कोण असतं, सुट्टी कधी मिळते, एवढं विचारलंत तरी चालेल. मराठी येत नसेल त्याला, पण चहा सगळ्यांनाच चालतो.

सांगा पाहू
1. रोजंदारी आणि हंगामी काम यांत काय फरक आहे?
2. भाऊ वर येताना गप्प का होता?
3. तुमच्या गावात हंगामी काम कोण करतं? त्यांच्याशी बोलून पाच वाक्यं लिहा.