एक साधे विशेषण

आमच्या धर्मग्रामात अनेक वर्षे सेवा केलेले एक स्पॅनिश फादर मायदेशी निवर्तल्याचे वृत्त आले, आणि त्यांच्या वृद्ध भगिनीला सांत्वनपत्र लिहिण्याचे काम आमच्याकडे सोपविण्यात आले. स्पॅनिश येशूसंघीयांचे मुंबईशी नाते जुने आहे. फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास संशोधन संस्था स्थापन केली, हे सर्वश्रुतच आहे. आमचे फादर मात्र संशोधक नव्हते. एक सायकल, एक विटलेला झगा आणि घरोघरच्या आजाऱ्यांची विचारपूस एवढाच त्यांचा पसारा.

पत्राचा मसुदा आम्ही प्रथम इंग्रजीत केला. 'सिंपल' हे विशेषण त्यात सहजच आले. शब्दकोश उघडला, तर स्पॅनिशमध्येही तोच शब्द, त्याच अक्षरांत. उच्चार तेवढा 'सिंप्ले'. आम्ही निर्धास्तपणे 'ओंब्रे सिंप्ले' असे लिहून मोकळे झालो.

स्पेनमध्ये राहून आलेल्या एका सिस्टरांना पत्र दाखविले. वाचता वाचता त्या थबकल्या.

"पत्र अजून टाकलं नाही ना? यात तुम्ही फादरांना भोळसट म्हटलं आहे."

आम्ही चपापलो. "मग विशेषण नामाच्या आधी घेतलं तर?"

"तर ते नुसते एक माणूस ठरतील, त्याहून अधिक कोणी नाही."

त्यांनी तो शब्द खोडून वर 'सेन्थियो' लिहिले. 'एकेक' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो आला आहे. स्पेनमध्ये एकेरी प्रवासाच्या तिकिटालाही हेच विशेषण लावतात. ज्याच्यात दुहेरीपणा नाही, जो आत एक नि बाहेर एक असा नाही, तो माणूस 'सेन्थियो'. मत्तयच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना कबुतरांची उपमा देतो. जुन्या कॅथलिक इंग्रजी भाषांतरात तेथे 'सिंपल' आहे, तर स्पॅनिश बायबलमध्ये 'सेन्थियो'. कारण प्रभूला शिष्य निष्कपट हवे होते, खुळे नव्हेत. त्याच वचनात सापाचे शहाणपणही त्याने मागितले आहे.

घरी परतताना आम्हांला आमचीच गंमत वाटली. व्याज सरळ, गणित सोपे, जेवण साधे आणि माणूस भोळसट, हे सारे भेद आमच्या मायबोलीत लहानपणापासून आमच्या जिभेवर होते. इंग्रजीने त्या साऱ्यांवर एकच पांघरूण घातले आणि आम्ही त्याखाली डोकावलो नाही. आरंभीच मनाशी 'साधा' म्हटले असते, तर 'हा साधेपणा कोणता?' असे विचारण्याची बुद्धी झाली असती.

जिवंत माणसाविषयी चुकीचा शब्द गेला, तर तो हसून दुरुस्त करतो. दिवंगताला ती सोय नसते. त्याच्या वतीने शब्दकोशाचे आणखी एक पान उलटणे, एवढे तरी आपण त्याचे देणे लागतो.