बिनस्वाराचा घोडा

आज मुंबईच्या काळा घोडा चौकात बराच वेळ थांबलो. इथे १८७९ पासून घोड्यावर बसलेला युवराज होता, पुढे सातवा एडवर्ड झालेला. अल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला, बोएम यांनी घडवलेला पुतळा. १९६५ मध्ये तो हलवला; आता राणीच्या बागेत आहे. चौकाचं नाव मात्र लोकांनी घोड्याविनाही जपलं. २०१७ मध्ये श्रीहरी भोसले यांनी घडवलेला नवा घोडा आला, पाठीवर कुणीच नसलेला. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे चौथरा रिकामा दिसला की लगेच थोर माणसाचा शोध सुरू होतो. इथे जनावरालाच मान मिळाला. भोवतीच्या गाड्या तेवढ्या हटवायला हव्यात. मुलांना त्याच्याजवळ निवांत उभं राहता यावं.