सीट आणि कॅरियर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची वर्तमानपत्रं चाळावीत तर सायकल भेटते ती मोठ्या रुबाबात. 1891 साली पॅरिसच्या ‘ल पती जुर्नाल’ या दैनिकानं पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, अशी सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत लावली. शार्ल तेराँ नावाचा गडी जवळजवळ तीन दिवस-रात्र पायडल मारत पहिला आला. शर्यत पत्रानंच भरवायची आणि तिच्या बातम्यांवर अंक खपवायचे, असा तो दुहेरी धंदा. तिकडं इंग्लंडात डॉक्टर मंडळी बायकांना बजावत होती, की तोल सांभाळण्याच्या ताणानं चेहरा कायमचा ओढल्यासारखा होतो. आमच्या कवठे महांकाळच्या रस्त्यावर दोन वेण्या हलवत, चढाला सीटवरून उठून पायडल मारत शाळा गाठणाऱ्या पोरी त्यांना दाखवायला हव्या होत्या. चेहरे घामेजलेले, पण शाबूत!

आपल्याकडं सायकलीची ही हवा पोचली ती बेळगावच्या वाटेनं. 1888 साली बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ची पाटी लागली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. ते तिकडून सायकली धाडायचे आणि थोरले बंधू रामूअण्णा इकडं विकायचे. एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत. चालवायला शिकायचं तर 15 रुपये वेगळे.

पडायला शिकायचे पंधरा रुपये! आमच्या मुलखात ही विद्या कैचीनं फुकट मिळाली. बापाची उंच सायकल, सीट छातीला लागणारी. डावा हात हँडलवर, उजवी काख सीटवर टेकलेली आणि उजवा पाय दांड्याखालच्या त्रिकोणातून पलीकडच्या पायडलवर. मागून कॅरियर धरून धावणारा ओरडतो, “म्होरं बघ, चाकाकडं बघू नगंस!” आणि हळूच हात सोडतो.

ज्या 1888 साली बेळगावात ती पाटी लागली, त्याच साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. पोराच्या तीनचाकीला धक्के कमी बसावेत, एवढाच त्याचा मूळ हेतू. आमच्याकडचा सराटा त्याच्या गावीही नसणार. इथं माळावरची पायवाट धरली की टायरला सराटे चिकटलेच. मग ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबायची, बुडबुडा येईल तिथं बोट धरायचं, कानशीनं घासून सोल्यूशन लावायचं आणि ठिगळ डकवायचं. ट्यूब फारच ठिगळली की तिच्या पट्ट्या कापायच्या. या पट्ट्यांसारखी घट्ट दोरी नाही.

आणि दोरी तर लागायचीच, कारण आमच्या सायकलीचा खरा संसार कॅरियरवर. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन, कडब्याच्या पेंढ्या, दळणाचं पोतं. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं पाणी येण्याआधीच्या दुष्काळांत तर घागरी. भरली घागर डचमळू लागली की हँडल आपोआप वाकडं होतं. मग माणूस खाली उतरून सायकल हातानं ढकलत नेतो.

किर्लोस्करांनीही पुढं सायकली सोडून कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर धरले, आणि 1910 साली कुंडल रोडला, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातच, कारखाना थाटला. धंदेवाल्याची नजर ती. इथल्या माणसाला फिरायला नव्हे, राबायला साधन लागतं हे तिनं हेरलं. वर्तमानपत्रांनी मात्र सायकल पाहिली ती सीटवर कोण बसलंय एवढ्यापुरती. कॅरियरवर काय बांधलंय, याची बातमी कुणी छापली नाही, आणि छापली असती तरी ती वाचायला आमच्या माणसाला सवड कुठं होती? त्याला अजून एक खेप करायची होती.